हिरड्यांचं गोंदण

काओलाक, १४ डिसेंबर १९९७

माझ्या बटकीस, तक्को बा हिला, तिचा मालक येरो सोव याजकडून.

जिवंत आहेस ना? घरातली चवळी संपली नसेल तर असशीलच. आत्याला माझा सलाम सांग. तो मात्र खरा आहे, त्यात थट्टा नाही.

मिठागराचं काम सोडलं. मीठ लांबून डोंगरासारखं छान दिसतं, पण त्यात उभं राहिलं की पायाच्या भेगा रडायला लागतात. मग आठवडाभर एका पैलवानाकडे राहिलो. हा माणूस आखाड्यात बैल आडवा करेल, पण कोंबडी फडफडली की खाटेवर चढतो. त्याच्याबद्दल सविस्तर लिहिणार होतो, पण मधेच टोपी घेतली. गवताची, कातड्याची कड लावलेली, शेंड्याला गोंडा, आपल्या आजोबांची होती तशी. ती घालून बाजारातून गेलो तर दोन जणांनी मला गुरांचा भाव विचारला.

टोपीमुळेच काम मिळालं, ऐक. डाकारहून दातांची एक डॉक्टरीणबाई आली आहे, सोखनाबाई. जीप घेऊन फुलानी वस्त्यांमधून फिरणार. ऐन तिशीत लोकांच्या हिरड्या का सुजतात, दात का हलतात, ते तिला बघायचंय. तिला आपली पुलार बोली येत नाही. टोपी बघून तिनं मलाच विचारलं, बोली येते का. आता ती विचारते, मी पुलारमध्ये विचारतो, लोक तोंड उघडतात. विडी ओढता का, दात कशानं घासता, तुमच्या आईचे दात कधी पडले. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, आईचे दात शाबूत होते, त्यामुळेच तर बापाचे पडले.

परवा एका बाईच्या गोंदलेल्या हिरड्या पाहिल्या. वांग्यासारख्या, एकसारख्या काळ्यानिळ्या. लगेच तुझी आठवण आली. तुझ्या एका बाजूला काळ्या आणि दुसऱ्या बाजूला धुवून धुवून विटलेल्या कापडासारख्या, कारण तू गोंदताना राकीआजीच्या मांडीवरून अर्ध्यात पळालीस. मी तेव्हा कुडाआडून बघत होतो. लग्नात नवरा तुझ्या कुठल्या बाजूला बसला होता, आठवतंय का?

हे लिहिता लिहिता बाईला तिच्या बोलीत सांगत होतो, तर ती म्हणाली, बहिणीला असं लिहितोस? म्हटलं, आमच्यात आत्या-मामाच्या पोरांनी एकमेकांशी सरळ बोलायचं नसतं. सरळ बोललं तर लोक विचारतात, भांडण झालं का?

सुपारीसारखी कोलाची बी चघळत लिहितोय, कागदावर लाल डाग पडलाय, तो पत्राचाच भाग समज.

येरो

*

होरेवेंदू, ११ जानेवारी १९९८

माझ्या पळपुट्या गुलामास, येरो सोव यास.

तुझं पत्र गाडीवाल्या सिलेनं बोकडाच्या दोरीला बांधून आणलं. बोकडानं कोपरा खाल्ला, बाकीचं वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच, साक्षरता वर्ग अर्ध्यात सोडलेल्या माणसाचं. दुसऱ्याला अर्ध्यात पळालीस म्हणायला तोंड पाहिजे.

तुझी गुर्मी मी उतरवणार आहे. बकरी ईदनंतर माझ्या नणंदेचं, सिरेचं लग्न आहे. राकीआजी तिच्या हिरड्या गोंदायला येईल. मी सांगून ठेवलंय, सिरेनंतर मी बसणार. वरच्या, खालच्या, दोन्ही. सगळ्या बायकांसमोर. आणि पापणीसुद्धा हलवणार नाही. मग काढ पत्र.

गोंदण तसंही करायचंच होतं. अलीकडे हिरड्या जरा ठणकतात. मक्याचं कणीस चावलं तर त्यावर खूण उठते, दात घासायची काडीही लाल होते. ही काडी नव्या झुडपाची आहे, तिलाच काटे असतील. राकीआजी म्हणते, सुयांनी वाईट रक्त निघून गेलं की दात घट्ट बसतात. समोरचा खालचा एक जिभेनं ढकलला तर डोलतो. धाकटा जवळ घेतला की तोंड फिरवतो, म्हणतो, आई, तुला वास येतो. तुझ्यावर गेलाय, त्याला आदब नाही.

रोजे चालू आहेत. ऊन नसूनही घशाला कोरड पडते. सूर्य बुडून मगरीब झाली की घडाभर पाणी मी एकटीच संपवते, सगळे हसतात. मग रात्रभर अंगणात ये-जा. सासू म्हणते, हिचं बाहेर जिन्नाशी लग्न लागलंय. बांगड्या कोपरापर्यंत चढतात, रोज्यांनी वाळलेय. नवऱ्यानं, बिरामनं, गाबोनहून नवीन कापड पाठवलं, ते शिवायला टाकलं तर शिंपी म्हणाला, अर्धं उरेल.

आई बरी आहे. दात नसल्यामुळे तुला शिव्या नीट देता येत नाहीत, एवढंच तिला दुःख. माझ्या वयाची होती तेव्हाच तिचे पडायला लागले होते, आठवतंय ना, तू तिला कणीस नेऊन द्यायचास आणि मार खायचास.

टोपी घालून ये. लग्नात एक बुजगावणं लागेल.

तक्को

*

दारा, २ फेब्रुवारी १९९८

तक्को,

तुझं पत्र मी जीपमध्ये बाईच्या बोलीत करून मोठ्यानं वाचून दाखवलं. ड्रायव्हर हसला, मीही हसलो. जिन्नापाशी आलो तेव्हा बाई म्हणाली, थांब, परत वाच. परत वाचलं. मग म्हणाली, पाण्याचं वाच. मग बांगड्यांचं वाच. मी वाचत गेलो आणि ती हसायची थांबली.

ती काय म्हणाली ते लिहितो. हिरड्यांतून रक्त येतं ते काडीच्या काट्यांनी नाही. हिरडीच दातापासून सुटत चाललीय. कमी वयात हे कुणाला होतं, तेच तर आम्ही गावोगाव विचारत फिरतोय. ज्यांच्या आईला झालं त्यांना होतं. तंबाखूवाल्यांना होतं. नीट न घासणाऱ्यांना होतं, पण नीट घासणाऱ्यांनाही होतं, जर रक्तात साखर असेल. साखर वाढली की तहान लागते, लघवीला सारखं जावं लागतं, माणूस खाऊनही वाळतो, जखमा भरत नाहीत. रोज्यांमुळे सगळ्यांनाच तहान लागते, म्हणून तुझ्याकडे कुणी बघितलं नाही.

आणि गोंदण. बाई म्हणते, सुजलेली हिरडी लाल दिसते, हाच पहिला निरोप असतो. गोंदलेली हिरडी लाल झाली तरी काळीच दिसते. बाईनं तशा खूप पाहिल्या. बाहेरून वांगं, आतून पू. तुझी न गोंदलेली बाजू आरशात बघ. आणि साखर असेल तर त्या सुयांच्या जखमा चिघळतील. ताप रक्तात जाईल. माणसं त्यानं मरतातही.

तू राकीआजीकडे बसू नकोस. आधी पोदोरच्या दवाखान्यात जा. बोटाला एक सुई टोचतात, रक्ताचा एक थेंब घेतात, बस. उद्याच जा.

इथे रविवारी गुरांचा बाजार असतो. एक गाय तिच्या मालकापेक्षा देखणी होती, पण ते पुढच्या वेळी.

येरो

*

होरेवेंदू, २२ फेब्रुवारी १९९८

वैद्यराज येरो सोव, हिरड्यांचे बादशहा यांस,

आजवरच्या तुझ्या सगळ्या पत्रांत हे सगळ्यात भारी. विहिरीवर वाचून दाखवलं. बायकांनी घडे खाली ठेवले. ‘बाहेरून वांगं, आतून पू’ ला तर सिरेची मावशी हसता हसता काठावर बसूनच राहिली. ‘माणसं त्यानं मरतातही’ आता सगळ्या गावात चाललंय. कुणी भातात मीठ जास्त टाकलं तरी म्हणतात, माणसं त्यानं मरतातही.

मी बायकांना म्हटलं, तू घाबरलास. मी गोंदून घेतलं की तुझ्याकडे चिडवायला काही उरणार नाही, म्हणून डाकारच्या डॉक्टरीणबाईचं नाव घेऊन मला मागे खेचतोस. एवढं लांबचं सोंग कुणी केलं नव्हतं. सासरे म्हणाले, हा पोरगा शिकला असता तर काजी झाला असता.

साखर म्हणे. आमच्याकडे साखर चहात टाकतात, रक्तात नाही. आणि चहातही तू असलास की पुरत नाही.

सगळ्यांनी विचारलंय, लग्नाला येणार का. मामेभाऊ आल्याशिवाय लग्नात चोऱ्या कोण करणार? मागच्या वेळी तू नवरदेवाची चप्पल लपवलीस आणि तो अनवाणी मशिदीत गेला, त्याची गोष्ट अजून निघते. ये. मी बसले की समोर बस, डोळे नीट उघडे ठेव.

ठणक वाढलीय जरा. आता कणसं बंद केलीत, भिजवलेली बाजरी खाते. गोंदलं की बरं होईल.

तक्को

*

लिंगेर, २० मार्च १९९८

माझ्या बटकीस,

पकडलंस. थट्टाच होती. बाईकडून दोनचार शब्द उसने घेतले होते, ते परत केले.

गोंदून घे. मी बघायला येतोय, पापणी हलते का ते. मामेभावाचा मान काढून ठेवा. मान म्हणजे काय ते मी तिथे आल्यावर ठरवीन, तो माझा हक्क आहे.

ड्रायव्हरला दमा झालाय, त्यामुळे आता जीप मी चालवतो. परवाना नाही. रस्त्यात पोलीस भेटला की बाई पुढे बसते आणि मी मागे बसून झोपल्याचं सोंग करतो, मग जीप कोण चालवतं हा प्रश्न पोलिसाला पडतो. बाई म्हणते, तुझ्यासोबत फिरण्यापेक्षा दात काढणं सोपं.

राकीआजीला सांग, सुया नीट मोजून ठेव.

येरो

*

होरेवेंदू, ३ मे १९९८

येरोस,

तू नेहमीसारखा न सांगता गेलास. पहाटे उठले तर खाट रिकामी आणि खाली कोलाच्या साली. म्हणून लिहिते, नाहीतर तोंडावर बोलले असते. तोंडावर मात्र बोलता आलं नसतं, हसावं लागलं असतं.

तुला त्या दिवसाचं सगळं माहीत आहे, पण माझ्या बाजूचं नाही. बायका वर्तुळ करून बसल्या होत्या, टाळ्या सुरू होत्या. सिरेच्या डोक्याखाली उशी दिली. राकीआजीनं काजळीची वाटी काढली, फडकं उलगडलं आणि म्हणाली, “अगं, सुयांची पुरचुंडी कुठाय माझी?”

तू विहिरीच्या कठड्यावर बसला होतास, टोपी मागे सारून. “आजी, काय हरवलं?”

“दे रे मेल्या.”

“सोडवणूक काय देतेस?”

“कोंबडा घे.”

“कोंबड्यांना मी भितो. एका पैलवानाकडून शिकलो.”

“मग माझी सून घे. भात करपवते, पण गाते चांगलं.”

सगळ्या हसत होत्या, मीही. मला वाटलं, नेहमीचंच. चप्पल, तवा, घोंगडी, तसंच. मग तू म्हणालास, “तक्कोचं बोट पाहिजे.”

“कुठलं?” आजी म्हणाली.

“ती म्हणेल ते. पोदोरच्या दवाखान्यात नेऊन त्याला एक सुई टोचायची. ती टोचून आली की तुझ्या सगळ्या सुया परत. तोवर इथे कुणाचीच हिरडी काळी होणार नाही, नवरीचीही नाही.”

माझी सासू म्हणाली, “सुईला भिणारीकडे सुईच मागतोस होय?”

“म्हणून तर मागतोय, काकू.”

तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं. बाकीचे टोपीकडे बघत होते. तुझे ओठ हसत होते आणि पुरचुंडी धरलेला हात मांडीवर थरथरत होता. थट्टा करताना तुझा हात कधी थरथरत नाही, चोरी करतानाही नाही.

चारचौघांत मामेभावानं मागितलेली सोडवणूक नाकारता येत नाही. नाकारली असती तर सिरेचं लग्न त्याच्यासकट लोकांच्या तोंडी राहिलं असतं. म्हणून उठले. सिलेच्या गाडीत मागे बसले, सोबत गाणाऱ्या सात-आठ जणी. दवाखान्यात नर्सला वाटलं बाळंतीण आणली.

तिनं बोट टोचलं. यंत्र बघितलं, पट्टी फेकली, दुसऱ्या बोटाला टोचलं. मग विचारलं, “पाणी खूप पिता का?” मला हसू आलं, कारण ते तुझ्याच पत्रातलं वाक्य होतं. बायकाही हसल्या. नर्स हसली नाही. मग मलाही हसू येईना.

येरो, साखर होती. भरपूर होती. डॉक्टर म्हणाला, एवढ्यावर हिरड्यांना सुया लावल्या असत्या तर तुम्ही आठ दिवसांत इथेच आला असता, पण आडव्या.

सिरेचं गोंदण दुसऱ्या दिवशी झालं. ती हलली नाही. मी टाळ्या वाजवायला बसले.

घरी आल्यावर तुझं फेब्रुवारीचं पत्र काढलं. विहिरीवर वाचून वाचून त्याच्या घड्या फाटल्यात. एकटीनं वाचलं. त्यात एकही शिवी नाही. तेव्हाच कळायला हवं होतं.

तक्को

*

तांबाकुंडा, ९ जून १९९८

माझ्या चवळीखाऊ बटकीस,

हात थरथरत होता कारण राकीआजीच्या सुया टोकदार आहेत. फुकटचं काही शोधू नकोस.

बाईला सगळं सांगितलं. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाली, आमच्या शाळेत हे शिकवत नाहीत. तिनं विचारलंय, गोळ्या रोज घेतेस का, आणि दाताच्या मुळाशी साठलेला थर पोदोरला खरवडून घेतला का. घेतला नसेल तर सेंट-लुईला जा. साखर उतरली आणि थर निघाला की हिरडी दाताला परत धरते, म्हणे. सगळी नाही, पण बरीच. आणि तुझ्या तिन्ही पोरांची तोंडं आत्तापासून बघत जा. आत्याचं तुला आलं, तुझं त्यांना येऊ शकतं.

माझं दुःख वेगळं आहे. टोपी गेली. लग्नाहून परतताना बसच्या टपावर ठेवली असणार आणि रिचार्ड-टोलच्या आसपास वाऱ्यानं नेली असणार. सगळ्या थांब्यांवर विचारलं. एक माणूस म्हणाला, उसाच्या शेतात एक टोपी पाहिली, पण ती लाल होती आणि तिच्याखाली माणूस होता. टोपी नसल्यानं गावातले लोक आता माझ्यासमोर तोंड उघडायला वेळ लावतात. बाई म्हणते, मनाचा खेळ आहे. तिची टोपी गेली असती तर कळलं असतं.

इथे उकाडा असा आहे की कोलाही तोंडात कोमट होतो. दिवसभर कोला, संध्याकाळी सिगारेट, आणि थुंकलं की माती लाल. पोरं म्हणतात, येरो सोव गेला तिथे रस्ता रंगतो.

पुढे माली की गांबिया, ठरत नाही.

येरो

*

होरेवेंदू, ५ जुलै १९९८

माझ्या बोडक्या गुलामास,

टोपी माझ्याकडे आहे.

बसच्या टपावर नव्हती. तू पहाटे चोरासारखा निघालास तेव्हा ती खाटेच्या पायाला नव्हती, कारण आदल्या दिवशी संध्याकाळी मी ती धान्याच्या कणगीत टाकली होती. लग्नात चोरी करायचा हक्क आतेबहिणीलाही असतो, विसरलास वाटतं. कोंबडी तिच्यात अंडं घालायला बघते, मी अजून हाकलते. किती दिवस हाकलेन ते सांगता येत नाही.

सोडवणूक ऐक.

लग्नात माझ्या धाकट्यानं तुझ्याकडे कोला मागितला होता. तू अर्धा चावून त्याला दिलास. मी तो त्याच्या हातून काढून घेतला, लहान पोराला कशाला म्हणून. बाहेर उजेडात पाहिला. कोलाचा रंग नारिंगी उतरतो, येरो, वाळला की गंजासारखा होतो. तुझ्या दातांची जी खूण होती ती लाल होती. कणसावरचा आणि काडीवरचा तो रंग मी कित्येक महिने बघितलाय, मला ओळखू येतो. माझं रक्त काळ्या गोंदणाखाली दडलं होतं, तुझं कोलाखाली दडतंय.

आई तुझी आत्या. तुझ्या बापाचेही पुढचे दात गेले होते, त्यानं लोकांना बैलानं लाथ मारली म्हणून सांगितलं. आपल्याकडे असा एकही बैल नव्हता. वर तुझी सिगारेट. इतके महिने तू गावोगाव लोकांना विचारतोयस, विडी ओढता का, आईबापाचे दात कधी पडले. तुला कुणी विचारलं?

डॉक्टरीणबाईपुढे बस, तोंड उघड. त्या दिवशी सकाळपासून कोला नाही. ती काय म्हणते ते लिही. तिच्या सहीसकट लिही, तुझा भरवसा नाही. मग टोपी मिळेल.

माझं सांगते. गोळ्या घेते. सेंट-लुईला जाऊन आले, थर काढला, दुखलं, मी हलले नाही, बघायला कुणी नव्हतं. तो डोलणारा दात गेला, बाकीचे थांबलेत. काडी आता लाल होत नाही. धाकटा गळ्यात पडून झोपतो. न गोंदलेली बाजू रोज आरशात बघते. ती फिकट आहे म्हणून तू मला बारा वर्षं चिडवलंस. तिथेच मला कळतं, आज कशी आहे ते.

तक्को

*

बासे, २६ जुलै १९९८

तक्कोस,

गांबियात आलो आहे. बाई परवा डाकारला परत जाणार, म्हणून तिला काल जीपच्या मागच्या बाजूला गाठलं. पत्र वाचून दाखवलं. तिनं खुर्चीकडे बोट दाखवलं. त्या खुर्चीवर मी एवढी माणसं बसवली, पण ती मागे इतकी कलते हे मला माहीत नव्हतं. आभाळच दिसतं.

बाईनं ते सगळे प्रश्न मला विचारले. मी सवयीनं आधी पुलारमध्ये विचारले आणि मग उत्तर दिलं. विडी ओढतोस का. हो. बापाचे दात कधी पडले. बैल नव्हता, एवढं सांगितलं.

म्हणाली, सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्या बऱ्याचदा रक्तही दाखवत नाहीत, आत सुटत राहतात आणि शेवटपर्यंत कळत नाही. तुझ्या दाखवतायत, हे नशीब समज. मागच्या तीन दाढा सुटायला लागल्यात. आत्ता सिगारेट थांबवली आणि थर काढत राहिलास तर राहतील. थर तिनं कालच काढायला घेतला. मी हललो. तू हे विहिरीवर वाचून दाखवणार, माहीत आहे.

सकाळपासून मी कोला खाल्ला नव्हता. चूळ भरली होती, दोनदा. बाईनं दाढेपाशी कापूस दाबला आणि काढून माझ्यासमोर धरला. लाल होता.

बाईची सही खाली आहे. सिगारेटचं पाकीट या पत्रासोबत पाठवतोय, अर्धं भरलेलं. ते कणगीत ठेव, आणि कोंबडी उठली की टोपी सिलेच्या गाडीत दे.

येरो